दुधाखालची बासरी

बीदरकडच्या मन्नाएखेळ्ळीत पंगतीतून एकट्यानं उठायची पद्धत नाही. शेजारच्याच्या हातात घास असताना आपण उठलो, तर त्याला भर मांडवात खादाड म्हटल्यासारखं होतं. म्हणून पंगत बसते एकदम आणि उठतेही एकदम. आता एकदम उठायचं तर कुणीतरी ‘उठा’ म्हणायला हवं, आणि यजमानानं तसं म्हणणं म्हणजे पाहुण्याच्या पुढ्यातलं ताट ओढण्यासारखंच. हा पेच बाकीच्या जगानं कसा सोडवला कुणास ठाऊक. मन्नाएखेळ्ळी आणि आसपासच्या वीस-पंचवीस गावांत तो हावगेप्पाच्या कॅसेटनं सोडवला.

हावगेप्पा म्हणजे माईकवाला. हायवेला लागून त्याचं दुकान, दुकानावर दोन भोंगे, एक हैदराबादकडे तोंड करून आणि एक सोलापूरकडे; म्हणजे कुठल्याही बाजूनं येणाऱ्या ट्रकवाल्याची गाण्यातून सुटका नाही. तरुणपणी हा माणूस सायकलच्या दांडीला भोंगा बांधून लग्नालग्नाला हिंडला. बारसं असो, जत्रा असो की पंचायतीची निवडणूक, हावगेप्पाचा माईक बोलल्याशिवाय कार्य झालं असं कुणी मानत नसे. आवाज लागला की नाही हे बघायला तो ‘हॅलो हॅलो’ म्हणत नसे, घसा खाकरत असे. त्याची खाकर ओळखून पलीकडच्या गावातली माणसं धोतर नेसायला घेत.

आता त्या कॅसेटची गोष्ट. पंचेचाळीसेक वर्षांपूर्वी हावगेप्पाचं नवं लग्न झालेलं होतं. एका पडलेल्या सिनेमातल्या एका गाण्यानं त्याला झपाटलं होतं. नायक चांदण्यात उभा राहून सांगतो की माझं काळीज जळतंय आणि कुणाला त्याची फिकीर नाही, अशा अर्थाचं ते गाणं. सिनेमा मन्नाएखेळ्ळीला आला नाही, बीदरला आला तो दोन दिवसांत गेला, आणि गाणं रेडिओवर सणासुदीला लागावं तसं कधीतरी लागायचं. हावगेप्पानं उसना टेपरेकॉर्डर आणला आणि रेडिओसमोर तोंडाला तोंड लावून ठेवला. रेडिओला ते स्टेशन घरात एकाच ठिकाणी धरायचं, चुलीजवळच्या कोनाड्यात, आणि तेही एरियलची तार कुणीतरी हातात धरून बसलं तर. हावगेप्पा तार धरून बसला. आठवडाभर रोज बसला. एका सकाळी गाणं लागलं. त्यानं श्वास रोखून बटण दाबलं.

दोन कडवी झक्क उतरली. नायकाचं काळीज जळून कोळसा व्हायला आलं होतं. तेवढ्यात हावगेप्पाला समोर चुलीवर दूध वर येताना दिसलं. उठावं तर तार सुटते, तार सुटली तर गाणं जातं.

“सिद्धम्मा, दूध उतायलंय!” तो ओरडला.

अंगणात सडा टाकणारी त्याची बायको सिद्धम्मा तिथूनच म्हणाली, “दिसायलंय न्हवं? मग उठा की!”

त्यानंतर कॅसेटमध्ये झाकण आपटल्याचा आवाज आहे, चुलीवर काहीतरी चरचरल्याचा आहे, आणि मग काहीच न घडल्यासारखा नायक तिसरं कडवं घेतो.

दुसरी कॅसेट नव्हती. दुसऱ्यांदा गाणं लागलं नाही. हावगेप्पानं आहे तेच वाजवायला सुरुवात केली. पहिल्याच लग्नात पंगत जेवून बसली होती, ताक पिऊन झालं होतं, पहिलं कोण उठतं म्हणून जो तो दुसऱ्याकडे बघत होता. भोंग्यातून सिद्धम्मा कडाडली, “मग उठा की!” आणि दचकून सगळी पंगत उभी राहिली. यजमानाला दोष नाही, पाहुण्याचा अपमान नाही. जे बोललं ते कॅसेट बोलली. लोकांना ही व्यवस्था इतकी पसंत पडली की पुढच्या लग्नात आचाऱ्यानं ताक वाढायला काढलं की माणसं स्वतःच सांगायला लागली, “हावगेप्पा, दूध लाव.” गाणं सुरू झालं की हळू जेवणारे भराभर जेवायचे, बोलणारे गप्प व्हायचे, आणि ‘उठा की’ला सगळा मांडव एका अंगानं उठायचा. ज्या कानडी गावांत मराठीचा गंध नाही तीसुद्धा उठायची. त्यांना वाटायचं, हा सिनेमातलाच संवाद आहे आणि नायिका फार करारी आहे.

ह्यात सिद्धम्माचं मात्र वाटोळं झालं. नवऱ्यानं बायकोला नावानं हाक मारायची नाही असा तो काळ, आणि इथं नवरा भोंग्यातून पंचवीस गावांत नाव घेतोय. ती बाजारात गेली की भाजीवाली विचारायची, “अक्का, दूध उतलं का?” देवळात गेली की कुणीतरी मागून हळूच म्हणायचं, “उठा की.” नवऱ्याला टोमणा मारायचा असला की तालुक्यातल्या बायका सिद्धम्माच्या आवाजात मारायच्या. पंचेचाळीस वर्षं तिनं हे सोसलं. मात्र त्या दिवसापासून तिनं हावगेप्पाला कशाहीसाठी ‘उठा’ म्हटलं नाही. सकाळी त्याला उठवायचं असलं तर ती त्याच्या कानाशी परात आपटायची.

मधल्या काळात गाणी बदलली. आधी लोक भजन मागायचे आणि मग सिनेमातलं. मग आधी सिनेमातलं आणि भजन कशाला. मग नाचायचं, मग लोळून नाचायचं. पुढे जुन्या गाण्याला मध्ये ढोल घालून नव्यानं विकायला लागले. हावगेप्पा म्हणायचा, “म्हातारीला जीनची पँट घालून फिरवायलेत.” शेवटी गाण्यातले शब्दच गेले. डीजे आला. हावगेप्पाचा सख्खा नातू प्रशांतकुमार यानं बीदरहून कपाटाएवढे डबे आणले आणि आज्याच्या दुकानापुढेच लावले. पहिल्या दिवशी ते वाजले तेव्हा समोरच्या ढाब्यावरच्या बशा आपोआप चालत टेबलाच्या कडेला गेल्या.

“अज्जा, कसं वाटायलंय?” प्रशांतकुमारनं विचारलं.

“कोणीतरी छातीत मिरच्या कांडायलंय,” हावगेप्पा म्हणाला. “गाणं कवा सुरू व्हायचं?”

“संपलं की आत्ता.”

तरीही पंगतीचं खातं हावगेप्पाकडंच राहिलं. वरातीला डीजे, पंगतीला दूध. अशी वाटणी झाली, आणि ती चालली असती. पण गेल्या उगादीला, म्हणजे पाडव्याला, मशीननं कॅसेट खाल्ली. आतली फीत आतडी लोंबावीत तशी बाहेर आली. हावगेप्पा दिवसभर पेन्सिल घालून ती गुंडाळत बसला, आणि सिद्धम्मानं त्या दिवशी कुणालाही न विचारता पुरणपोळी केली.

“माझा जीव सुटला,” ती म्हणाली. “आता नेत्रावतीच्या लग्नात तरी मला माणसावानी मिरवू द्या. कोण माझ्या नावानं दात काढलं तर मी मांडवात थांबायची न्हाई. शपथ हाय तुमाला.”

नेत्रावती ही त्यांची नात, प्रशांतकुमारची बहीण. तिचं लग्न आळंद तालुक्यातल्या निंबर्ग्याच्या मुलाशी ठरलं होतं. आज्याचं तोंड बघवेना म्हणून ती एका संध्याकाळी फोन घेऊन त्याच्याजवळ बसली.

“अज्जा, ते गाणं गुणगुण बरं.”

“तुझ्या फोनला काय कळतंय? मी बीदरच्या समद्या दुकानांत विचारलोय. हैदराबादला विचारलोय. कोण्या बाबाला ते गाणं ठाऊक न्हाई.”

“गुणगुण की रे.”

हावगेप्पानं घसा खाकरला आणि गुणगुणला. नेत्रावतीनं फोन पुढे धरला. पाणी प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. नाव आलं, चित्र आलं, नायक चांदण्यात उभा राहिला. हावगेप्पा इतका चिडला की त्यानं आधी ऐकायलाच नकार दिला. पंचेचाळीस वर्षं ज्याच्यासाठी चपला झिजवल्या ते असं फुकट, पोरीच्या हातातल्या फोनात बसल्या बसल्या सापडावं, हा त्याला गाण्याचाच हलकटपणा वाटला.

मग त्यानं ऐकलं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. सवयीनं त्यानं मान खाली घातली, कारण आता त्याचा स्वतःचा आवाज यायचा होता. तो आला नाही. तिथं बासरी आली.

अगदी बारीक, एकटीच, मागे काही नाही. वर जाते, थांबते, जरा कापते, खाली येते. आणि मग तिसरं कडवं. एवढंच. पण हावगेप्पाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. त्या सकाळी तो दुधाकडे बघून ओरडत होता तेव्हा रेडिओत ही वाजत होती, आणि त्यानं ती ऐकलीच नव्हती. पंचेचाळीस वर्षं पंचवीस गावांना त्यानं जगातलं सर्वांत चांगलं गाणं ऐकवलं होतं, आणि त्यातली सर्वांत चांगली गोष्ट दुधाखाली दाबून ठेवली होती.

“परत लाव,” तो म्हणाला. नेत्रावतीनं लावलं. “परत.” तिसऱ्यांदा त्यानं डोळे पुसले आणि चुलीच्या धुरावर खापर फोडलं. घरात गॅस होता.

त्या दिवसापासून म्हाताऱ्याला एकच ध्यास लागला. नेत्रावतीच्या लग्नात, पंगतीला, आपल्या भोंग्यातून, हे गाणं स्वच्छ वाजवायचं. लोकांनी बासरी ऐकायची. सिद्धम्माची शपथ पण राहील, आणि दूधवाला म्हणून मरण्याऐवजी आपण गाणंवाला म्हणून मरू.

“अज्जा, माझ्या डब्यातून लावू की,” प्रशांतकुमार म्हणाला.

“तुझ्या डब्यातून बासरी रेड्यावानी निघंल. मला भोंगा पायजे.”

शेवटी तह झाला. गाणं प्रशांतकुमारच्या लॅपटॉपवर, तार हावगेप्पाच्या मशीनला, आणि भोंगे लग्नाच्या कार्यालयाच्या, म्हणजे कल्याण मंटपाच्या, दोन खांबांना. माईक हावगेप्पाच्या हातात, कारण तो हातात नसला तर त्याला हात कुठं ठेवावेत ते कळत नसे.

लग्न लागलं. अक्षता पडल्या. पहिल्या पंगतीला मन्नाएखेळ्ळीची माणसं बसली, कारण निंबर्ग्याचे पाहुणे वरातीत नाचून घामाघूम झाले होते आणि नवरदेवाचे मामा चन्नबसप्पा यांनी स्वतःच सांगितलं होतं, “तुमची माणसं उरका, आमी मागून निवांत बसताव.” मंटपाच्या मागच्या दाराशी आचारी बंडेप्पाची भट्टी होती. दारातच सिद्धम्मा नवी इरकल नेसून तुपाच्या डब्यावर पहारा देत बसली होती. गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर, तिच्यावर गरम दूध, वर तूप, मग भजी, भात, आमटीसारखं सारू. पंगत रंगली. ताक आलं. बंडेप्पानं दारातून पळी हलवून खूण केली.

हावगेप्पानं खाकरलं. सगळ्या पंगतीनं ओळखीनं माना वर केल्या. गाणं सुरू झालं.

भराभर जेवण उरकलं. बोटं चाटली गेली. दुसरं कडवं संपता संपता तीनशे माणसं खुर्चीच्या कडेवर सरकून, पदर-धोतर सावरून, तयारीत बसली. आणि बासरी आली. हावगेप्पानं डोळे मिटले.

पंगत थांबली होती. पण ती बासरी ऐकत नव्हती, ती कधी संपते याची वाट बघत होती. बासरी संपली. तिसरं कडवं लागलं. माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

“आलं का ते?” एका म्हाताऱ्यानं विचारलं.

“न्हाई अजून. यील.”

गाणं संपलं. कुणी उठलं नाही. हात वाळले. पहिल्या रांगेतली रुद्रम्मा, जी गावातल्या प्रत्येक पंगतीला पहिल्या रांगेत असायची, मोठ्यानं म्हणाली, “हे खोटं गाणं हाय. नकली माल लावलाय हावगेप्पानं!”

“अस्सल हाय, अक्का!” हावगेप्पा माईकवरून म्हणाला. “तेच खोटं होतं!”

“मला शिकवू नकोस. मी ते गाणं तुझ्यापेक्षा जास्त येळा जेवलेय.”

मागे भिंतीशी निंबर्ग्याचे पाहुणे भुकेले उभे होते. चन्नबसप्पांचा चेहरा आंबट व्हायला लागला होता. “अवो यजमान,” ते म्हणाले, “तुमची माणसं जेवायलीत का मुक्कामाला आलीत?”

प्रशांतकुमारला वाटलं, आपण सोडवू. त्यानं डीजेचा डबा चालू केला. द्रोणातली ताकं थरथरली, एक लहान पोर खुर्चीवर उभं राहून नाचलं, पण पंगत बसली ती बसली. मग त्यानं दुसरा माईक घेऊन शहरी आवाजात सांगितलं, “ज्यांचं जेवण झालेलं आहे त्यांनी कृपया जागा रिकामी करावी.”

तीनशे माना प्रशांतकुमारकडे वळल्या.

“कृपया म्हणायलंय,” रुद्रम्मा म्हणाली. “ऐकलाव का? हाकलायलंय आमाला! वाढ रे भात. आता तर म्या उठतच न्हाई.”

“मलाबी वाढ,” शेजारचा म्हणाला. रांगेरांगेनं पानं पुढे सरकायला लागली. चन्नबसप्पांनी फेटा काढून हातात घेतला. पाहुणा फेटा काढायला लागला की पुढे गाडी काढतो हे हावगेप्पाला ठाऊक होतं. नात बोहल्यावर रडकुंडीला आली होती. “अज्जा, म्हण की तू!” ती ओरडली. “माईक हाय हातात!”

हावगेप्पानं सिद्धम्माकडे बघितलं. सिद्धम्मानं त्याच्याकडे बघितलं. ते बघणं असं होतं की त्यानं माईक खाली केला. शपथ म्हणजे शपथ. शिवाय त्यानं म्हणून उपयोग काय? पंगत त्याच्या वाक्याला उठत नव्हती, तिच्या वाक्याला उठायची.

इकडे पंगत का उठत नाही आणि वर भात का मागतेय हे बघायला बंडेप्पा भट्टी सोडून पळी हातात घेऊन आत आला होता. त्याच्या मागे दार सताड उघडं राहिलं. आणि हावगेप्पाला दिसलं. भट्टीवर दुसऱ्या पंगतीच्या हुग्गीचं दूध, भलं मोठं पातेलं, पांढरंशुभ्र, फुगत फुगत काठाला टेकलं होतं.

विचार करायला वेळच नव्हता. माईक पुन्हा कधी तोंडाशी गेला ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

“सिद्धम्मा, दूध उतायलंय!”

आणि सिद्धम्मा, मागे वळूनही न बघता, पंचेचाळीस वर्षं दाबून ठेवलेल्या आवाजात, माईकशिवाय, भोंग्याशिवाय, मंटपाच्या पत्र्यांना हादरा देत म्हणाली, “दिसायलंय न्हवं? मग उठा की!”

तीनशे खुर्च्या एकदम सरकल्या. अख्खी मन्नाएखेळ्ळी उभी राहिली, आणि टाळ्या, शिट्ट्या, हसणं असा कल्लोळ झाला की डीजेचा डबा लाजला. रुद्रम्मा भाताचा घास तसाच टाकून उठली आणि निंबर्ग्याच्या एका अनोळखी बाईला मिठी मारून म्हणाली, “हे अस्सल!” चन्नबसप्पांनी काहीच न कळून फेटा पुन्हा डोक्याला गुंडाळला.

सिद्धम्मा तोंडावर हात ठेवून लालबुंद उभी होती. आपण काय बोललो हे तिला आता कळलं होतं. ती मांडव सोडून जाणार, हे तिच्या पाठीवरूनच दिसत होतं.

पण ह्या वेळी हावगेप्पाच्या हातात एरियलची तार नव्हती. त्यानं माईक टाकला आणि तो उठला. पंगतीतून वाट काढत, धोतर एका हातात धरून पळाला, खांद्यावरच्या नव्या कोऱ्या शेल्यानं पातेलं धरलं आणि बंडेप्पा पोचायच्या आत खाली उतरवलं. ओंजळभर दूध सांडलं, बाकी वाचलं. बोटं भाजली ती तो फुंकत बसला.

सिद्धम्मा मागून आली. वाकून तिनं पातेल्यात बघितलं.

“उठलाव म्हणायचं एकदाचं,” ती म्हणाली.

“तू म्हणलीस म्हणून.”

“तवाबी म्हणलेच होते.” तिनं त्याची बोटं ओढून घेऊन त्यांवर तूप चोळलं, जरा जास्तच जोरात. मग म्हणाली, “ते मधी बारीक काय वाजायलं होतं? मला वाटलं, कोणाचं लेकरू पिपाणी वाजवायलंय.”

“बासरी.”

“आपल्या गाण्यात?”

“आपण बोलायलो न्हवं का, त्याच्याखाली. म्हणून कवा ऐकूच आली न्हाई.”

ज्या गाण्यानं आपला जन्म खाल्ला त्यात असंही काही होतं, हे सिद्धम्माला पटायला थोडा वेळ लागला.

“लावा बरं पुन्हा,” ती म्हणाली. “नीट ऐकू द्या.”

आत दुसरी पंगत नुकतीच बसली होती. निंबर्ग्याचे पाहुणे आणि मागे राहिलेली थोडी मन्नाएखेळ्ळीची माणसं. हुग्गी वाढून झाली होती, दूध घालणं चाललं होतं. हावगेप्पानं दारातून प्रशांतकुमारला खूण केली. गाणं सुरू झालं.

मन्नाएखेळ्ळीच्या माणसांनी भोंग्याकडे बघितलं. आत्ता कुठं पहिला घास, आणि उठायचं गाणं? ती हुग्गीवर तुटून पडली. शेजारी असं जेवतो आहे म्हटल्यावर निंबर्ग्याच्या माणसांनाही काहीतरी अरिष्ट येतंय असं वाटलं आणि तीही दोन्ही गाल भरून खायला लागली. चन्नबसप्पा हुग्गी गिळता गिळता डोळे वटारून विचारू बघत होते, पण त्यांच्या तोंडात जागा नव्हती. पहिलं कडवं, दुसरं कडवं. सबंध मंटप कोंबून कोंबून जेवत होता.

म्हणून बासरी आली तेव्हा तिथं एकही माणूस बोलण्याच्या परिस्थितीत नव्हता. ती वर गेली, थांबली, जरा कापली, खाली आली. भट्टीजवळ सिद्धम्मानं काहीतरी विचारायला आलेल्या बंडेप्पाला हातानंच गप्प केलं. पदराचा बोळा तिनं स्वतःच्या तोंडावर घट्ट दाबून धरला होता, चुकून काही निघू नये म्हणून. आणि आत सगळी पंगत, गाल फुगवून, घास न चावता, एक डोळा उघड्या दारातून त्या पदराकडे लावून बसली होती.